नातीचे उपास

नर्मदाबाईंच्या तोंडून आजवर कुणाबद्दल एकही वाईट शब्द गेलेला नाही. हे त्या स्वतःच सांगतात, आणि गावात कुणी त्याला हरकत घेत नाही, कारण ते खरं आहे. शिवी नाही, शाप नाही, कुणाच्या जातीचं नाव तर नाहीच नाही. "आपून कोनाला काय मनावं, माय? सगळे देवाचीच लेकरं," असं म्हणत त्या पदर सावरतात. ज्याच्यापासून सावरायचा त्याच्यापासून तो बरोबर वीतभर अंतरावर सावरलेला असतो.

ही विद्या सगळ्यांना जमत नाही. अडाणी माणूस बोलून मोकळा होतो आणि पस्तावतो. नर्मदाबाई बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर पस्तावायची वेळ येत नाही.

पेडगावकडून येणारा रस्ता जिथं डांबर संपवून मातीवर उतरतो, तिथं आमचं गाव आहे. अलीकडं मारुतीची आळी, पलीकडं बुद्धविहाराभोवतीची वस्ती, आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत अंगणवाडी. भिंतीवर केळं, गाजर आणि हसणारी गाय रंगवलेली आहे. गायीच्या डोळ्यांत पेंटरनं जे शहाणपण उतरवलं, ते गावात इतर कुठं फारसं दिसत नाही.

या अंगणवाडीतलं जेवण शिजवायचं काम काही वर्षं नर्मदाबाईंच्या बचत गटाकडं होतं. गट बायकांचा आणि अध्यक्ष नर्मदाबाई. चूल नर्मदाबाईंची आणि पळीही त्यांचीच. घरून भगुणं झाकून आणायच्या आणि वाढायला स्वतः उभ्या राहायच्या. त्यांची वाढायची एक पद्धत होती. मारुतीच्या आळीतलं लेकरू पुढं आलं की पळी भगुण्याच्या तळाशी जायची आणि डाळ, भोपळा, शेंगदाणे घेऊन वर यायची. पलीकडच्या वस्तीतलं लेकरू आलं की पळी वरच्यावर फिरायची आणि ताटलीपासून हातभर उंच थांबायची. तिथून खिचडी खाली पडायची. गरम शितं बोटांवर उडायची, म्हणून ती लेकरं ताटली जमिनीवर ठेवून मागं सरकायला शिकली होती. "आता कसं शिस्तीत बसतेत," असं नर्मदाबाई कौतुकानं म्हणायच्या.

भगुणं त्या कधीच ढवळायच्या नाहीत. एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी सहज म्हटलं, "ढवळून वाढा की." नर्मदाबाईंनी ढवळलं, आणि ढवळलेल्या भगुण्यातलं पलीकडच्या वस्तीला वाढताना त्यांचा हात इतका अडखळला की बाईंच्या लक्षात काय यायचं ते आलं. पुढच्या वर्षी काम दुसऱ्या गटाकडं गेलं. त्या गटाची स्वयंपाकीण होती धम्मशीला.

धम्मशीला उंच, सावळी, आवाज रस्त्यापलीकडं जाणारा. परभणीत एका वसतिगृहाच्या खानावळीत तिनं बरीच वर्षं पोळ्या लाटल्या होत्या. ती अंगणवाडीच्याच खोलीत शिजवू लागली. लसूण-जिऱ्याची फोडणी दिली की वास दोन्हीकडं सारखाच जायचा, त्याला आळी कळत नव्हती. पहिल्या दिवशी तिनं डाळ-तांदळाची खिचडी केली, त्यात घरचा पालक चिरून घातला, आणि ओरडली, "आरं या रं, बसा रांगेत. कोन जास्ती खातंय बघू!"

वस्तीतली लेकरं धावली. मारुतीच्या आळीतली लेकरं भिंतीला टेकून बसून राहिली, हात जोडून.

"काय झालं रं? देव दिसला का काय?"

बजरंग नावाचं एक गुटगुटीत पोरगं पढवल्यासारखं म्हणालं, "आज आमचा उपास हाय."

"कोनाचा?"

"समद्यांचा."

अंगणवाडीताई माधवी तिथंच होत्या. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "असू द्या धम्मशीलाताई. श्रद्धेचा भाग असतो." माधवीताईंना सगळं कळत होतं. पण कळणं आणि बोलणं यांच्यामध्ये त्यांची बदली, त्यांचा मानधनाचा सही-शिक्का आणि त्यांच्या जागेवर टपलेली सरपंचांची मेहुणी अशा बऱ्याच गोष्टी उभ्या होत्या.

ही कल्पना अर्थातच नर्मदाबाईंची. आदल्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर बायका जमल्या होत्या. आता लेकरांनी खायचं कसं, हे कुणी बोलत नव्हतं आणि विषय तोच होता. नर्मदाबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "लेकरास्नी लहानपनापासूनच देवाधर्माची सवय लावावी. माझ्या सृष्टीला तर मी उद्यापासून उपास धरायला लावनार हाय." पारावरच्या बायकांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मग सगळ्यांनाच आपापल्या लेकरांच्या देवाधर्माची काळजी वाटू लागली.

सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारचा देव काही केल्या सापडेना, तेव्हा बुधवारी आळीतल्या सगळ्या लेकरांचं पोट दुखू लागलं. तीन-चार वर्षांची लेकरं, ज्यांना उजवी चप्पल उजव्या पायात घालता येत नव्हती, ती तेहतीस कोटी देवांची सोय बघत होती.

इतरांचं फारसं बिघडत नव्हतं. अंगणवाडी सुटली की बजरंग घरी जायचा. त्याची आई दारातच भाकरी-दूध कुस्करून बसलेली असायची. बाकीच्यांचंही तसंच, कुणाची आजी घरी, कुणाची काकू. उपास अंगणवाडीच्या उंबऱ्यावर सुरू व्हायचा आणि घराच्या उंबऱ्यावर संपायचा.

सृष्टीचं तसं नव्हतं. नर्मदाबाईंचा मुलगा गोपाळ पुण्याकडं कंपनीत होता, दिवाळीला यायचा. सून सविता तांबडं फुटायच्या आत स्वयंपाक उरकून शेतात जायची, घरच्या किंवा दुसऱ्याच्या. नर्मदाबाईंचा नवरा दिवसभर रानातच असायचा. घरी उरायच्या नर्मदाबाई. पण दुपारी त्यांना देवळात पोथी असायची, आणि पोथी संपली तरी पोथीतल्या माणसांबद्दल आणि पोथीबाहेरच्या माणसांबद्दल बोलायचं असायचंच. तोवर दाराला कुलूप. सृष्टी ओट्यावर बसायची. आजी आली की बिस्किटाचा पुडा आणि चहा मिळायचा. भाकरी रात्री, आई आल्यावर, झोपेत.

साऱ्या आळीचा उपास खोटा होता. सृष्टीचा तेवढा खरा होता.

आणि ती पोर मोठी नेमाची होती. बजरंग मधेच पळत जाऊन धम्मशीलाकडून शेंगदाणे उचलायचा. सृष्टी मांडी घालून, डोळे मिटून बसायची. आजी देवळात बसते तशी. चार वर्षांच्या लेकरानं वडीलधाऱ्यांच्या खोटेपणावर इतका विश्वास ठेवावा, याहून वाईट काही मी अजून पाहिलेलं नाही.

महिन्याला वजन व्हायचं, दंडाला पट्टी लावायचे. हिरवा रंग म्हणजे लेकरू बरं, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे धावा. सृष्टीच्या दंडावर दिवाळीआधी पट्टी हिरव्यात थांबायची. संक्रांतीला ती पिवळ्यात आली. माधवीताईंनी सविताला सांगितलं. सवितानं घरी सांगितलं.

"आमच्या खानदानात बारीकच हाडं हायेत," नर्मदाबाई म्हणाल्या. त्या स्वतः ओटा भरून बसल्या होत्या.

"आत्याबाई, तितं दुपारचं गरम मिळतंय. खाऊ द्या की तिला."

"मी कवा नको मनलं? तिचा उपास हाय. देवाला नको मनायचं का आता?"

सविता गप्प बसली. ती गप्प बसली की नर्मदाबाईंना आपण जिंकलो असं वाटायचं. सासूपणाच्या एवढ्या वर्षांत सून गप्प बसून काय करते, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

नर्मदाबाईंना धर्म मात्र तोंडपाठ होता, हे कबूल करायला हवं. कुठल्या उपासाला काय चालतं, कुठलं व्रत कसं धरायचं, कसं सोडायचं, हे विचारायला दोन गल्ल्यांतून बायका यायच्या. त्यांच्या मुलीनं लग्नाआधी चारठाण्याच्या जुन्या देवळात सोळा सोमवार धरले होते. लग्न होऊन ती नांदेडला गेली, पोटुशी राहिली, तरी उद्यापनासाठी नर्मदाबाईंनी तिला गाडी करून चारठाण्यालाच नेलं. जावई म्हणाला, घरी करू. नर्मदाबाई म्हणाल्या, "जितं धरला तितंच सोडावा लागतो. अन् उद्यापन झालं की परत धरायचा नसतो. शास्त्र हाय." जावयानं शास्त्राला गाडीभाडं दिलं.

तेवढंच शास्त्र त्या सेलूला मात्र नेत नसत. कापूस घालायला नवऱ्याबरोबर गेल्या की जिनिंगसमोरच्या गाड्यावरची भजी त्या उभ्यानं खायच्या, वर मिरचीही मागून घ्यायच्या. तळणाऱ्याचा आजा कोण होता, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. विटाळ गावच्या हद्दीतच लागतो, हद्द ओलांडली की त्याचा जोर सरतो.

धम्मशीलानं थोडे दिवस पाहिलं. ती हसायची, बडबडायची, पण तिच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. मग एका सोमवारी तिनं घरून भगर आणली, शेंगदाण्याची आमटी केली, बटाट्याची भाजी जिऱ्यावर परतली, आणि भिंतीला टेकलेल्या रांगेपुढं जाऊन बसली.

"आज महादेवाचा ना? घ्या मग. समदं उपासाचं हाय. मीठ बी शेंदेलोण."

लेकरं एकमेकांकडं पाहू लागली. याचं उत्तर त्यांना पढवलेलं नव्हतं. बजरंगानं आधी बोट चाटलं, मग वाटी ओढली. त्याच्यामागं सगळी. सृष्टी तेवढी थांबली. "मी आजीला इचारते," ती म्हणाली.

संध्याकाळी नळावर गावभर तेच. धम्मशीला घागर लावून उभी होती. नर्मदाबाई आल्या तशी ती मोठ्यानं म्हणाली, "काकू, तुमच्या आळीचे उपास लय भारी हायेत बगा. एकादशी अन् दुप्पट खाशी! बजरंगानं तीन वाट्या भगर हाणली."

बायका हसल्या. वस्तीतल्या हसल्या, आणि वाईट म्हणजे आळीतल्याही हसल्या.

नर्मदाबाईंनी पदर सावरला. "तुला काय कळनार बाई उपासाचं."

"ते बी खरंच हाय. आमच्या आज्यानं छप्पन साली समदे उपास एकदम सोडले. आता आमाला वार बी ध्यानात ऱ्हात न्हाईत. पन शिजवता येतंय. साबुदाना करू का गुरुवारी?"

इथं नर्मदाबाईंच्या हातात दोनच गोष्टी होत्या. खरं कारण तोंडानं सांगायचं, किंवा लेकराला खाऊ द्यायचं. पहिल्यानं त्यांचं तोंड विटाळलं असतं आणि दुसऱ्यानं त्यांची नात. माणूस जरा बरा असता तर अडला असता. नर्मदाबाई अडल्या नाहीत.

"आमच्या सृष्टीचा निर्जळी असतो," त्या म्हणाल्या.

नळावर कुणी हसलं नाही. नळाचं पाणी घागरीतून वाहून जात होतं, तेही कुणी बंद केलं नाही.

"चार वर्साच्या लेकराचा?" धम्मशीलाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"भक्तीला वय नसतंय," असं म्हणून नर्मदाबाई घागर न भरताच गेल्या.

त्या दिवसापासून सृष्टी अंगणवाडीत पाणीही पिईना. बाकीच्या आयांना निर्जळी जरा जास्त वाटला. त्यांच्या लेकरांचे उपास हळूहळू कमी झाले, म्हणजे गुरुवार राहिला, बाकीचे वार विसरले. बुधवारची पोटंही बरी झाली. मागं उरली एकटी सृष्टी, आणि तिच्यामागं नर्मदाबाईंची इज्जत.

चैत्रातली एकादशी होती. सकाळीच पत्रा तापला होता. पट्टी लावायचा दिवस, म्हणून माधवीताई एकेक दंड हातात घेत होत्या. सृष्टीच्या दंडाला पट्टी लावली आणि त्यांनी ती पुन्हा एकदा लावून पाहिली. धम्मशीलानं मान वाकवून पाहिलं. लाल.

"पोरी, घोटभर पानी पी गं."

सृष्टीनं मान हलवली. ती उभी राहिली, भिंतीवरच्या गायीला हात लावून चालू लागली, आणि गायीच्या पोटाजवळ खाली बसली, बसली ती आडवीच झाली.

धम्मशीलानं तिला उचललं. अंग तापलेलं, ओठ पांढरे. पदर भिजवून तिनं तोंड पुसलं, पेला ओठांना लावला. पोरीनं डोळे उघडले, पेला पाहिला आणि दात घट्ट मिटले.

"पी माय. देव रागवत न्हाई. मी सांगते देवाला."

सृष्टी दातांतूनच म्हणाली, "देवाचं न्हाई. आजी मनली, मावशीच्या हातचं पानी बी न्हाई."

इतके महिने पारावर, नळावर, देवळात जे कुणी उच्चारलं नव्हतं, ते असं एका लेकराच्या तोंडून, अर्ध्या शुद्धीत, अगदी आज्ञाधारकपणे बाहेर पडलं. माधवीताई भिंतीकडं पाहू लागल्या. धम्मशीलानं पेला खाली ठेवला.  पोरीला मात्र तिनं खाली ठेवलं नाही. "माधवीताई, तुमी पाजा," ती म्हणाली. माधवीताईंनी पाजायचा प्रयत्न केला. पण पेला तोच होता, माठही तोच. दात उघडले नाहीत.

सविता जवळच्याच रानात भुईमूग खुरपत होती. वस्तीतला एक माणूस मोटारसायकलवरून तिला घेऊन आला. ती मातीच्या हातांनीच आत आली. धम्मशीलानं काय झालं ते सांगितलं, लेकरू जे बोललं तेही. एक शब्द कमी केला नाही, एक जास्त केला नाही.

सवितानं पोरीला घेतलं नाही. आधी तिनं धम्मशीलाचा तोच पेला उचलला, तोंडाला लावला, आणि सृष्टीच्या डोळ्यांसमोर घटाघटा अर्धा प्याली.

"बघ. आईनं सोडला. आता तू सोड."

सृष्टीनं आईकडं पाहिलं, मग पेल्याकडं. आणि प्याली. पाणी हनुवटीवरून मानेवर गेलं, तिथून फ्रॉकवर. दुसरा पेला तिनं स्वतः धरला.

पेडगावला दवाखान्यात नेलं, दुपारपर्यंत ठेवून घेतलं, आणि पोर तरतरीत होऊन परतली. घरी नर्मदाबाई मीठ-मोहऱ्या घेऊन तयार होत्या. त्यांनी सृष्टीची दृष्ट काढली. चुलीत मिरच्या जळाल्या, ठसका आला नाही. "बगा कशी लागली हुती," त्या शेजारणीला म्हणाल्या. "कुनाची लागली, ते मी मननार न्हाई. आपून कोनाला काय मनावं."

सविता भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "आत्याबाई, सृष्टीच्या उपासाचं उद्यापन घालावं मनते."

नर्मदाबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी सुनेकडं चक्क मायेनं पाहिलं. पोर आजारी पडली, गावात कुजबुज चाललेली, अशात उद्यापन म्हणजे सगळं झाकलं जाणार. वर पुन्हा पुरणाचा बेत. "घाल की! कवा?"

"गुरुवारी. साऱ्या आळीला बलवा तुमी."

नर्मदाबाईंनी आळीला बोलावलं, शेजारच्या आळीला बोलावलं, देवळातल्या महाराजांच्या कानावर घातलं. कुठं, हे त्यांनी विचारलं नाही. उद्यापन घरी नाही तर कुठं असतं?

गुरुवारी सकाळी सवितानं घरची हरभऱ्याची डाळ, गूळ, गव्हाचं पीठ आणि तुपाची बरणी डोक्यावर घेतली आणि ती अंगणवाडीत गेली. धम्मशीला शेगडी पेटवत होती.

"धम्मशीलाताई, पुरन घालायचंय. तुमच्या हातानं."

धम्मशीलानं डाळीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "काय गं, उपास सोडून आमाला सत्तर वर्सं होत आली. आता तुमचे सोडवायला बी आमीच का?"

"तुमी न्हाई तर सुटत न्हाई तो."

"पूजा-बिजा मी करनार न्हाई, आधीच सांगते."

"पूजा नगंच हाय. लेकरं जेवू द्या."

धम्मशीलानं हात धुतले. डाळ शिजली, गूळ पडला, वेलदोड्याचा वास दोन्ही आळ्यांत एकदमच शिरला.

दुपारी नर्मदाबाई हिरवं लुगडं नेसून, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन, मागं आळीतल्या बायका घेऊन देवळातून घरी आल्या. घराला कुलूप होतं. वासाच्या मागावर त्या अंगणवाडीपाशी पोचल्या. दारातून त्यांना दिसलं ते असं. आळीची आणि वस्तीची लेकरं मिसळून बसलेली, सविता पत्रावळी मांडते आहे, आणि आमटीच्या भगुण्यात पळी घालून धम्मशीला तळापासून ढवळते आहे.

"सविते! हे काय गं? उद्यापन घरी असतंय!"

"आत्याबाई, तुमीच मनता की. जितं धरला तितंच सोडावा लागतो." सविता सरळ झाली नाही, पत्रावळी मांडतच राहिली. "उपास हितंच धरला हुता. घरी कवा धरला आपन?"

मागच्या बायकांत कुणीतरी खोकलं. त्यातल्या दोघी-तिघी त्या उद्यापनाला चारठाण्याला स्वतः जाऊन आल्या होत्या, जावयाच्याच गाडीभाड्यात.

आता तरी नर्मदाबाई बोलतील असं वाटलं होतं. साऱ्या गावासमोर, एकदाच, त्या शब्दाचा उच्चार करतील, म्हणजे निदान त्यांचा राग तरी प्रामाणिक ठरला असता. पण एवढी हिंमत असती तर त्यांनी चार वर्षांच्या पोरीच्या पोटामागं लपायचं कशाला? त्यांनी पदर सावरला. हसल्या. म्हणाल्या, "मी तरी तेच मनायले. हितंच पायजे."

"मंग बसा की काकू," धम्मशीला म्हणाली. "आमटी कडक हाय. वाढू का?"

साऱ्या बायका नर्मदाबाईंकडं पाहत होत्या.

"माझा आज गुरुवार हाय," नर्मदाबाई म्हणाल्या.

"हाव का? बरं झालं सांगितलं." धम्मशीलानं पळी भगुण्याच्या काठाला टेकवली. "निर्जळी हाय का पानी चालतंय?"

या वेळी हसायला कुणी मागं राहिलं नाही. बजरंगाची आई आधी बसली, तिच्या शेजारी दुसरी, मग सगळ्याच. पोटात भूक होती आणि समोर पुरणपोळी. धर्म वाचवायला नर्मदाबाई होत्याच.

सृष्टी मधल्या रांगेत होती. ताटली तिनं जमिनीवर ठेवली नाही, दोन्ही हातांनी धरून पुढं केली. धम्मशीलानं पोळी वाढली, तूप सोडलं, वाटीत आमटी ओतताना पळी वाटीच्या काठाला खणकन लागली. पोरीनं घास घेण्याआधी आजीकडं पाहिलं, सवयीनं. मग आईकडं. मग कुणाकडंच नाही.

त्या पोळीचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत नर्मदाबाई दारात उभ्या होत्या. उन्हात. कुणी त्यांना आत या म्हटलं नाही, आणि जा म्हणायचीही गरज नव्हती.

आता सृष्टी रोज जेवते. पट्टी लालातून पिवळ्यात आली आहे, हिरव्याला अजून वेळ लागेल. नर्मदाबाई पारावर वाती वळताना नव्या सुनांना सांगतात, "आमच्या सृष्टीच्या उपासाचं उद्यापन आमीच घातलं. साऱ्या गावाला जेवू घातलं, पलीकडच्यांना बी सोडलं न्हाई." ऐकणाऱ्या माना डोलावतात. गावात लग्न असो, बारसं असो, धम्मशीलाच्या हातचं ताट समोर आलं की नर्मदाबाईंचा वार निघतो. बुधवारचाही देव आता त्यांना सापडला आहे.

बाकीच्यांचे उपास कधीच सुटले. नर्मदाबाईंच्या स्वतःच्या उपासाचं उद्यापन कधी, हे मात्र त्यांना कुणी विचारत नाही.